मदत हवी आहे: एका हॉलमध्ये दोन वर्ग, आवाजाचं काय करू?

नमस्कार, मी घणसोलीत प्रायमरीला शिकवते. यंदा दुसरी-तिसरीची मधली भिंत काढून एकच मोठा हॉल केलाय, मध्ये फक्त खांद्याएवढी कपाटं. ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटीला खरंच छान आहे, मुलं मोकळी असतात, शेजारच्या बाई वजाबाकी कशी शिकवतात ते बघून मी पण शिकले. पण तिकडे पाढे सुरू झाले की इकडे माझं श्रुतलेखन संपलंच, मागची मुलं जोडाक्षरं चुकवतात कारण त्यांना ऐकूच येत नाही, आणि एकाला कानाचं मशीन आहे, ते तर सगळेच आवाज मोठे करतं, बिचारा दुपारपर्यंत थकून जातो, मला बघवत नाही. डब्ल्यूएचओच्या १९९९ च्या गाइडलाइन्समध्ये वर्ग चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा असं आहे, आमच्याकडे वर स्लॅब, खाली टाइल्स, सगळं घुमतं.

भिंत परत होणार नाही. जाड पडदे, सॉफ्टबोर्ड, खुर्च्यांना रबरी बूच, यातलं कुणी करून बघितलंय का? नक्की कशाने फरक पडला? की दोघींनी मिळून वेळापत्रकच जुळवावं, म्हणजे तिकडे पाढे तेव्हा इकडे चित्रकला? ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांनी प्लीज सांगा, बजेट अगदीच कमी आहे.