रशियातली भूदासमुक्ती: जनरल रोस्तोव्त्सेव्हचं श्रेय कुठे गेलं?

नेवाकाठ: "झार दुसऱ्या अलेक्झांडरने एका सहीत भूदास मोकळे केले" ही पोस्ट वाचून राहवलं नाही. भूदास म्हणजे जमीनदाराच्या ताब्यातले, जमिनीला बांधलेले शेतकरी. सही 1861 ची. त्याआधी 1859 पासून मुक्तीच्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या आयोगांचा अध्यक्ष म्हणून जनरल याकोव्ह रोस्तोव्त्सेव्ह जमीनदारांच्या शिव्या खात होता. हा काही जन्मजात सुधारक नव्हे. 1858 मध्ये परदेशातून झारला पत्रं लिहिताना त्याचं मत पालटलं: शेतकऱ्याला जमीन विकत घेता आलीच पाहिजे. फेब्रुवारी 1860 मध्ये तो वारला, काम अर्धवट राहिलं. त्याचं नावही कोणी घेत नाही!

रोखठोक_आबा: घेतात की! डिसेंबर 1825 मध्ये झारशाहीविरुद्ध लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या उठावाची खबर नव्या झारला, निकोलसला, आधीच देणारा म्हणून. भूदासप्रथा मोडायला निघालेला उठावाचा पुढारी राइलेयेव्ह फासावर गेला, आणि हा जनरल झाला. बाबांच्या कारखान्यात संपाच्या आदल्या रात्री एकाने मालकाला सगळं सांगितलं. बाबांची नोकरी गेली. तो गृहस्थ पुढे मॅनेजर झाला, कामगारांसाठी कँटीन काढलं. परत कामावर घेतल्यावरही बाबा घरून चहाचा थर्मास न्यायचे.

नेवाकाठ: तुमच्या बाबांबद्दल आदर आहे, पण तुलना चुकतेय. रोस्तोव्त्सेव्हने नावं दिली नव्हती. निकोलसला दिलेल्या इशाऱ्याच्या पत्राची नक्कल त्याने स्वतः राइलेयेव्ह आणि उठावातलाच दुसरा पुढारी ओबोलेन्स्की यांच्या हातात ठेवली. शिवाय त्याने इशारा दिला त्याच दिवशी जनरल डिबिचचा कटाबद्दलचा अहवालही निकोलसकडे पोचला होता.

रोखठोक_आबा: नक्कल दिली म्हणजे पाप धुतलं? त्या इशाऱ्यानंतर दोन दिवसांत सेंट पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात उठाववाल्यांवर तोफा चालल्या! घरचा कर्ता बेकार झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. उगाच वकिली करू नका.

काळी_माती: त्या चुगलीवरच किती भांडाल? शेतकऱ्याला काय मिळालं ते बोला. जमिनीच्या किमतीचे 49 वर्षांचे हप्ते, दर वर्षी कर्जाच्या 6 टक्के, आणि कसत्या जमिनीतले तुकडे कापून जमीनदाराला. एप्रिल 1861 मध्ये कझान प्रांतातल्या बेझ्दना गावात अंतोन पेत्रोव्ह या शेतकऱ्याने कायदा वाचून लोकांना सांगितलं की तुम्ही पुरते मोकळे झालात. जनरल आप्राक्सिनने जमावावर गोळ्या झाडायला लावल्या. जनरलांचं श्रेय मोजताना हेही मोजा.

नेवाकाठ: हप्ते जाचक होते, नाकारत नाही. पण जमिनीचा पाव हिस्सा फुकट घ्या आणि बाकीच्यावर पाणी सोडा, ही तरतूद झारच्या सल्लागार राज्य परिषदेत सरदार गागारिनने घुसवली. तेव्हा रोस्तोव्त्सेव्ह हयात नव्हता.

रोखठोक_आबा: बरं, ते पाप त्याचं नाही, एवढं लिहून देतो. पण मित्रांच्या घरी बसून उठावाचा बेत ऐकायचा आणि मग राजवाड्याची पायरी चढायची, याला माझ्याकडून माफी नाही.