ऑनलाइन काव्यवाचनात दाद पोचते का?

काही जण म्हणतात की ऑनलाइन ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन कविता म्हणावी असा कार्यक्रम, हे भिंतीला कविता ऐकवणं आहे, दादच मिळत नाही. मला नाही पटत. कोल्हापुरात शाहू स्मारक भवनातल्या कार्यक्रमाची सर वेगळीच, मान्य, पण आजऱ्याहून ८०-८५ किलोमीटर येऊन रात्री परत कोण जाणार?

परवा शिवाजी पेठेत घरी बसून मीपण अशा एका ऑनलाइन ओपन माइकमध्ये होतो, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आजऱ्याकडच्या एक मावशी स्क्रीनवर आल्या, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, आणि आईकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागल्या, जातं ओढत ओढतच की! पण आम्हाला घरघर ऐकूच येईना, नुसता हात फिरताना दिसतोय. ही व्हिडिओ कॉलची ॲपं एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून कापून टाकतात, पंख्याचा कापतात तसाच. त्यांच्या नातीनं सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन बंद केलं आणि घरघर आली, ओवीचा ठेका तिच्यावरच उभा असतो हो, अंगावर काटा आला.

दादेचं म्हणाल तर सगळ्यांनी एकदम माइक उघडून टाळ्या वाजवल्या की आवाज मागंपुढं पोचतो, कालवा होतो. म्हणून आमच्यात ठरलंय, आवडलेली ओळ चॅटमध्ये जशीच्या तशी टाइप करायची. मावशींची एकच ओळ अकरा जणांनी टाकली, नातीनं वाचून दाखवली, तर त्या जातं थांबवून म्हणाल्या, "पुन्हा म्हणू काय?"