वाहनाचे सुटे भाग सीमेपलीकडून आणावेत का?

चर्चाप्रस्ताव

तोच सुटा भाग, त्याच कंपनीच्या खोक्यात, त्याच पार्ट नंबरसह शेजारच्या देशात बराच स्वस्त मिळत असेल, तर तो आपल्याकडे महाग का घ्यावा, हा प्रश्न सीमेलगत राहणाऱ्या प्रत्येक वाहनमालकाला कधी ना कधी पडतोच. किमतीतला फरक दर्जामुळेच असतो असे नाही. कर, विनिमय दर आणि ग्राहकाला किती परवडेल याचा कंपनीने देशागणिक बांधलेला अंदाज, यांतूनही तो येतो. मी गेल्या महिन्यात पुढचे दोन शॉक ॲब्सॉर्बर आणले. पार्ट नंबर आधी चासी नंबरवरून पडताळून घेतला होता. सीमेवर पावती दाखवून शुल्क भरले आणि इंधनाचा खर्च धरूनही पैसे वाचले. यात चुकते कुठे?

प्रतिसाद १

चूक व्यवहारात नाही, हिशेबात आहे. मीही असाच अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग, आणला होता. गॅरेजमध्ये खोके उघडले, तेव्हा गाडीच्या सॉकेटला तीन पिना आणि नव्या अल्टरनेटरला दोन, असे निघाले. मॉडेल तेच, पण त्या देशासाठी केलेली बांधणी वेगळी. बदलून घेण्यासाठी दुसरी खेप करावी लागली. गाडीतला जुना अल्टरनेटर परत मिळावा म्हणून दुकानदाराने अनामत रक्कम ठेवून घेतली होती; योग्य अल्टरनेटर बसल्यावर जुना देऊन ती सोडवायची, म्हणजे तिसरी खेप. ती मी केलीच नाही. शिवाय ग्राहकाने स्वतः आणलेला भाग बिघडला, तर तो पुन्हा उघडण्याची मजुरी गॅरेजवाला सोडत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

प्रतिसाद २

वरील अनुभव न पडताळता केलेल्या खरेदीचा आहे, सीमेपलीकडच्या खरेदीचा नव्हे. पिनांचा घोळ घराशेजारच्या दुकानातही होतो.

प्रतिसाद ३

दुकानातला घोळ चालत जाऊन निस्तरता येतो, एवढा फरक मान्य करावा. माझा आक्षेप मात्र निराळा आहे. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशातला हेडलाइट उजव्या बाजूच्या देशात बसवला, तर डिपरवरही त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. काच तीच दिसते, म्हणून हे लक्षात येत नाही. ब्रेक पॅडचेही तसेच. जिथे युनोचा आर९० हा नियम लागू आहे, तिथे बदली पॅडवर मान्यतेची ई-खूण असावी लागते. ती नसलेला पॅड दुसरीकडे राजरोस विकला जात असला, तरी आपल्या तपासणीत अडकू शकतो. टायर स्वस्त दिसला, तर त्याच्या कडेवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या डॉट संकेतातले शेवटचे चार अंक आधी वाचावेत, त्यावरून टायर कधी बनला ते कळते: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. मुक्त व्यापार करारातली शुल्कसवलत वस्तू कुठे घेतली यावर नव्हे, तर ती कुठे बनली यावर मिळते. शेजारी देशाशी करार असला, तरी खोक्यावर तिसऱ्याच देशाचे नाव असल्यास पूर्ण शुल्क पडू शकते.

प्रस्तावकाचे उत्तर

हेडलाइट आणि ब्रेकबाबत माघार घेतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या खोक्यावरचा उत्पादक देश मी पाहिलाच नव्हता; सीमेवर सांगितले तेवढे शुल्क भरून मोकळा झालो. फिल्टर, वायपर आणि स्पार्क प्लग मात्र नंबर जुळवून यापुढेही तिकडूनच आणणार, कारण त्यांत परत करण्याचा प्रसंग माझ्यावर आजवर आलेला नाही.