पुराचं पाणी उतरलं, ऊस पिवळा पडतोय. मदत हवी आहे

गाळपेर: नदीचं पाणी रानात शिरलं होतं. आता उतरलंय, पण ऊस पिवळा पडत चाललाय. कोणी म्हणतं युरिया टाक, कोणी म्हणतं फवारणी कर. पूर्वी असा पूर क्वचित यायचा, आता मागे लागल्यासारखा येतो. लवकर सांगा, पीक हातचं जाईल.

वाफसा: पाणी किती दिवस थांबलं? शेंडा बुडाला होता की नुसता बुडखा? नवी लागण की तोडलेल्या उसाच्या बुडातून फुटलेला खोडवा?

निचरा_आधी: भूमिगत निचरा करून घ्या. सच्छिद्र पाईप पुरल्यापासून माझं पाणथळ रान सुधारलं. सोबत जिप्समही टाका.

वाफसा: माती न तपासता जिप्सम? ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला. नुसती खारवट असेल, सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल, तर गोड्या पाण्याने क्षार धुऊन निचऱ्यावाटे बाहेर काढावे लागतात. आणि नदी फुगली की पाईपचं तोंडच बुडतं, पाणी उलटं रानात येतं.

निचरा_आधी: तोंडाला एकमार्गी झडप बसवायची. पाईप नकोतच असं कशाला?

काठावरचा: मूळ दुखणं धरणात पाणी साठवण्या-सोडण्याच्या वेळापत्रकात आहे. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. वेळापत्रकं मात्र जुन्या पावसाच्या नोंदींवर. धरण आधीच काठोकाठ असेल तर आलेलं पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो.

उन्हाळी: आणि रिकामं ठेवलं, पुढे पाऊसच आला नाही, तर उन्हाळ्यात पिकं कशावर जगवायची?

काठावरचा: मग नदीला पसरायला जागा द्या. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नेदरलँड्सने काही ठिकाणी बांध मागे सरकवले.

गाळपेर: धरणाचं नंतर बोला! खोडवा आहे. पाणी आठवडाभर होतं. शेंडे वरच होते, फक्त सखल कोपऱ्यात बुडाले. तिथे पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गाळ बसलाय.

थेंब: ठिबक बसवा, निम्मं पाणी वाचेल.

वाफसा: त्यांच्या रानात पाणी जास्त झालंय, ठिबकचं काय घेऊन बसलात? गाळपेर, आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही, नत्रही वाहून आणि उडून जातं, म्हणून पिवळेपणा. चिखलात युरिया फेकू नका, वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली की द्या. तोवर रानात ट्रॅक्टर घालू नका. कोपऱ्यातले दोन-चार शेंडे उभे चिरून बघा. आतला कोंब पांढरा, टणक असेल तर ऊस वाढेल. तपकिरी, कुजका असेल तर त्या उसाची वाढ संपली, तो लवकर तोडायला बघा.

गाळपेर: बघतो. पण त्या कोपऱ्यात पुढे परत ऊसच ठेवू का?

भातशेती: भात लावा. स्वर्णा सब-१ हा वाण पूर्ण बुडूनही दोनेक आठवडे तग धरतो.

वाफसा: तिथे दरवर्षी पाणी किती दिवस थांबतं ते कळल्याशिवाय पीक कसं सुचवायचं? आणि शेंडे चिरलेत का?