हेडफोन भारी, ॲम्प परवडणारा: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता

दोन वर्षं पैसे बाजूला टाकून सेनहायझर एचडी ६५० घेतला. घरी येऊन फोनला लावला आणि मन खट्टू झालं. आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी विलंबित ख्याल शेजारच्या खोलीतून यावा तसा. फोन जेमतेम अर्धा व्होल्ट देणार आणि हेडफोन ३०० ओहमचा, दुसरं काय होणार!

ज्या दुकानात चौकशी केली तिथे सांगितलं, हेडफोनच्या किमतीएवढा तरी ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा डबा) हवाच. पटलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. या हेडफोनला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो. आपल्या रागसंगीतात आलापाची कुजबुज आणि द्रुतातला कळस यांत खूप अंतर असतं, म्हणून कळसाला ११० डेसिबल धरले. त्याला सव्वादोन व्होल्ट लागतात. शक्तीच्या हिशोबात साधारण १७ मिलिवॉट. फक्त सतरा! मला दाखवत होते तो ॲम्प दीड वॉटचा होता.

शेवटी शीट मॅग्नी नावाचा वापरलेला ॲम्प घेतला. अमेरिकेत नवा ९९ डॉलरला निघाला होता. त्या रात्री तानपुऱ्याची जवार पहिल्यांदा वेगळी ऐकू आली, षड्जाच्या तारेतून गंधार उमटताना. अडीच वाजेपर्यंत जागा होतो.

हजार ते पंधरा हजारांत तुम्ही काय घेतलंत, कशाला लावलंत, पुढे काय झालं ते लिहा. हेडफोनचं मॉडेल जरूर लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला काही उपयोग नाही. फसलेले प्रयोगही हवेत.

वऱ्हाडी कान, नागपूर

माझ्याकडे हायफायमॅन सुंदरा. प्लेनार (आत सपाट पातळ पडदा हलतो तो प्रकार) आहे म्हणजे ताकदवान ॲम्प लागणारच, असं सगळीकडे वाचून आधी टेबलावरचा मोठा ॲम्प घेतला. पुढे आकडे तपासले. ३७ ओहम, १ मिलिवॉटला ९४ डेसिबल. तुमच्याच ११०च्या हिशोबाने ४० मिलिवॉट, म्हणजे १.२ व्होल्ट आणि ३३ मिलिॲम्पिअर. तुमच्या एचडी ६५०ला व्होल्ट जास्त लागतात, माझ्या सुंदराला करंट. दुकानात दोघांनाही “ओढायला जड” म्हणतात, पण जडपणा वेगवेगळा आहे.

मग एक प्रयोग केला. दोन हजारांच्या आतला टाइप-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) आणि मोठा ॲम्प समोर ठेवले. दोन्हींवर ५० हर्ट्झचा सूर लावून, हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजलं आणि आवाज बरोबर सारखा केला. (साधे मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात, म्हणून ५०.) बायकोला माझ्या पाठीमागे अदलाबदल करायला बसवलं. वीस वेळा ऐकून अकरा बरोबर आले. नाणं उडवून आले असते तेवढेच. आवाज सारखा न करता ऐकत होतो तेव्हा दरवेळी मोठा ॲम्पच “भरदार” वाटायचा, कारण तो थोडा मोठ्याने वाजत होता. हे करून पाहिल्याशिवाय कोणीही पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी, पिंपरी

माझा अनुभव ॲम्पचा कमी आणि विजेचा जास्त. भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवीन डॅक-ॲम्प (डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) लॅपटॉपला लावला, तर सतत घुंऽऽ असा आवाज आणि मधूनच बारीक चिरचिर. हेडफोन बायरडायनॅमिक डीटी ८८०, २५० ओहमचा. ॲम्प खराब म्हणून परत पाठवणार होतो. सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज बंद!

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्याचं कारणही हेच. तार जोडल्यावर घुं गेलं. चिरचिर गेली नाही. ती डेस्कटॉपवरून ऑप्टिकल केबल टाकल्यावर गेली, कारण त्यात तांब्याचा संबंधच नाही, फक्त प्रकाश जातो. ॲम्प बदलण्याआधी एकदा लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका.

मंद्रसप्तक, सांगली

वडिलांचा ऐंशीच्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ आणि स्पीकरचा ॲम्प एकाच डब्यात) माळ्यावर पडून होता. ते गेल्यावर तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता. पुढच्या बाजूला जाड पिनेचं हेडफोन जॅक आहे एवढं आठवत होतं. धूळ झाडली, व्हॉल्यूमच्या खरखरणाऱ्या नॉबमध्ये क्लीनर मारला, आधी जुन्या स्वस्त इअरफोनवर तपासलं आणि मग माझा एचडी ६५० लावला. खर्च जवळजवळ शून्य.

आवाज सुंदर, पण खर्ज जरा फुगलेला वाटत होता. कारण शोधलं. जुन्या रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळा ॲम्प सहसा नसतो. स्पीकरच्याच आउटपुटला रेझिस्टर लावून जॅककडे तार नेलेली असते. त्यामुळे जॅकचा स्वतःचा अडथळा बराच असतो. तो घरी मोजता येतो. सूर लावून रिकाम्या जॅकवर व्होल्टेज मोजा, मग ३०० ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. माझं १.४ वरून १.० वर आलं, म्हणजे अडथळा १२० ओहम. आता एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण खर्जाकडे, ८०-१०० हर्ट्झच्या आसपास, तो ५००च्या घरात जातो. त्यामुळे तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं. गणित केलं तर फरक साधारण १ डेसिबलचा. कानाने पकडला तो फुगवटा हाच.

मला तो आवडतो. पखवाज त्यावर ऐकावा. वरच्या प्रतिसादातल्या सुंदराला हा फरक पडणार नाही, प्लेनारचा अडथळा सगळीकडे जवळजवळ सपाट असतो. आत तीन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेले इअरफोन मात्र अशा जॅकला लावू नका, त्यांचा सूरच बदलतो.

आई परवा खोलीत आली, दिवा लागलेला रिसीव्हर बघून काही न बोलता बाजूला बसली. तिलाही लावून दिला.

कानसेन_८३, ठाणे

थोडक्यात: इअरफोनसाठी ॲम्प घेत असाल तर ताकद बघू नका, शांतता बघा. माझ्या संवेदनशील इअरफोनवर दीड वॉटच्या ॲम्पचा सूंऽ असा आवाज गाणं सुरू नसतानाही येत होता, आणि नॉब जरा हलवला की कान फाटायचे. कमी गेनचं (गेन म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते) बटण नसलेला ॲम्प पुन्हा घेणार नाही.

लॅमिंग्टनचा वाटसरू, मुंबई

फसलेला प्रयोग. वापरलेला हायफायमॅन एचई-६ मिळाला. याचे आकडे बघा: ५० ओहम, १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल. ११०साठी साधारण ४५० मिलिवॉट! म्हणून लोक त्याला सरळ स्पीकरच्या ॲम्पला जोडतात. मी लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर ॲम्पचा छोटा क्लास-डी बोर्ड आणला, स्पीकरच्या टोकांवरून तारा काढून साध्या हेडफोन जॅकला जोडल्या. चालू केला, टक् आवाज आला आणि बोर्ड गेला.

चूक अशी: साध्या जॅकमध्ये डाव्या-उजव्या दोन्हींची मायनस तार एकच असते. असे बहुतेक छोटे बोर्ड ब्रिज पद्धतीचे असतात, त्यांच्या मायनस टोकालाही सिग्नल असतो. दोन मायनस जोडले म्हणजे शॉर्ट. हेडफोन वाचला, हे नशीब. आता चार पिनेच्या एक्सएलआरची केबल करून घेतली आहे, डाव्या-उजव्याच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या. नवा बोर्ड आठ महिने उत्तम चालला आहे. चालू करताना नॉब शून्यावर, आणि हेडफोन डोक्यावर नाही.

आणखी एक. परदेशातून ॲम्प आणवत असाल तर ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. माझ्या मामेभावाने आणलेला १२० व्होल्टचा होता. आपल्या २३०वर दहा सेकंदांत जळका वास.

तापकीर गल्ली, पुणे

माझा ॲम्प मी स्वतः जोडलेला आहे, ओटू. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंजिनिअरने २०११ साली त्याचा पूर्ण आराखडा, मोजमापांसकट, सर्वांसाठी खुला केला. पुढच्या वर्षी त्याचं लिखाण थांबलं. तो कोण हे जाहीर झालं नाही, पण त्याचा ॲम्प माझ्या टेबलावर रोज वाजतो. आउटपुटचा अडथळा अर्ध्या ओहमच्या आसपास, व्होल्टेज सातपर्यंत. ३०० आणि ६०० ओहमच्या हेडफोनला पुरून उरतं.

सुटे भाग तापकीर गल्लीत दोन फेऱ्यांत मिळाले. अडलं ते ॲडॉप्टरवर. याला डीसी नाही, एसी लागतो, १२ ते २० व्होल्टचा. तसा तयार ॲडॉप्टर कुठेच मिळेना. शेवटी एका दुकानातल्या काकांनी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर काढून दिला, तो डब्यात बसवला आणि फ्यूज टाकला. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आत आहेतच, दिवे गेले तरी गाणं थांबत नाही.

गेन मूळ आराखड्यात अडीचपट आणि साडेसहापट आहे. माझा डॅक २ व्होल्ट देतो, त्याला अडीचपटही जास्त होत होतं, नॉब कायम आठ वाजताच्या जागी. खालचा गेन १ केला आणि नॉब वापरण्याजोगा झाला.

धागाकर्ता

मंद्रसप्तक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याही मामांकडे तशाच काळातला रिसीव्हर आहे, रविवारी मल्टिमीटर घेऊन जातो. तुम्ही जॅक मोजलात तेव्हा नॉब कुठे होता, आणि सूर किती हर्ट्झचा?

मंद्रसप्तक, सांगली

नॉब नऊच्या जवळ, सूर ५० हर्ट्झचाच. दोन्ही वेळा नॉबला हात लावायचा नाही. आणि रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या.