‘संपूर्ण जईचे पीठ’ म्हणजे काय?

प्रश्न (जळगाव): पाकिटावर ‘संपूर्ण जईचे पीठ’ असं छापलंय. सासूबाई म्हणतात, जई म्हणजे ढोरांचा चारा, तो कशाला आणला? जई म्हणजेच सातू का? आणि ‘संपूर्ण’ कशासाठी, अर्धवट पीठही मिळतं की काय?

उत्तर: ताई, सासूबाईंचं खरंय. जई म्हणजे ओट, आणि रब्बीत ते हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. सातू म्हणजे जव, ते धान्य वेगळं. घोळ होतो तो सातूच्या पिठामुळे. घरोघरी ते भाजलेले गहू नि डाळं दळून करतात, सातूचा दाणा त्यात बहुधा नसतोच. धान्य गेलं, नाव राहिलं.

आता ‘संपूर्ण’. आपण नुसतं पीठ म्हटलं की दाणा अख्खाच दळला असं धरतो. ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, कुणी ‘संपूर्ण’ म्हणतं का? कोंडा काढला तरच आपल्याला वेगळं नाव लागतं: मैदा. इंग्रजीत उलटं आहे. तिथे साधं नाव मैद्याचं, अख्ख्या दाण्याच्या पिठाला विशेषण लागतं. छापणाऱ्याने ते विशेषण तसंच उचललंय. ‘ओटचं पीठ’ एवढं पुरे, फार तर ‘कोंड्यासकट’.

प्रतिसाद (धुळे): ‘सालासकट’ का नको? आमच्या कळण्यात ज्वारीबरोबर उडीद सालासकटच दळतो.

उत्तर: उडदाला शोभतं, दादा. ओटच्या दाण्यावर मात्र भातासारखं तूस असतं. ते आधीच काढतात, राहतो तो कोंडा. ‘सालासकट’ वाचून एखादा तूसही चावायला बसेल.

प्रश्नकर्ती: भाकरी थापली, उचलली नि परातीतच तिचे दोन तुकडे. पिठाची विरी गेली असेल का?

उत्तर: वा, विरी! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. पण ताई, विरी, म्हणजे पीठ एकसंध धरून राहण्याचा गुण, जाते ती जुन्या पिठाची. ओटला गव्हासारखा चिवटपणा मुळातच नाही, कारण त्यात ग्लुटेन नसतं. उकळत्या पाण्यात उकड काढा, झाकून ठेवा, कोमट झाली की मळा. हाताला चिकटेल, ओटचा तो गुणच आहे. हात ओला करून थापा. पाव करायचा तर चौथा हिस्सा ओट, बाकी कणीक, नाहीतर फुगणार नाही. नानकटाईला चिवटपणा नकोच असतो, तिथे हे पीठ झकास. बट्टीला जाडसर ओट घेतले तर त्याला पीठ म्हणू नका, भरड म्हणा.

प्रश्नकर्ती: आणि टिकतं किती?

उत्तर: बाजरीच्या पिठाच्या हिशेबाने चला. ओटमध्ये तेल गव्हापेक्षा बरंच जास्त, म्हणून कारखान्यात दाणा आधी वाफवतात, तरी उन्हाळ्यात डबा उघडा राहिला की पीठ कडवट होतं. जळगावच्या मे महिन्यात तर फ्रिजमध्येच ठेवा.