प्रागच्या योसेफोव्हमध्ये गाइडने गोलेमची गोष्ट सांगावी का?

पायवाट
प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीत, म्हणजे योसेफोव्हमध्ये, गाइडने गोलेमची गोष्ट सांगूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव यांनी मातीचा पुतळा घडवून त्यात जीव घातला, ती ही गोष्ट. रब्बी वारले 1609 मध्ये. त्यांच्या नावाशी ही कथा छापील रूपात जोडली गेली 19व्या शतकात. तरी स्टारोनोवा सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळापाशी, गट पोचला की सगळ्यांच्या माना माळ्याकडे वळतात, कारण पुतळा तिथे ठेवलाय म्हणे. साधारण 1270 पासून उभी असलेली आणि आजही जिथे प्रार्थना चालते ती वास्तू मात्र बघायची राहून जाते.

त्याऐवजी आविग्दोर कारा या कवीची गोष्ट सांगा. 1389 च्या ईस्टरला या वस्तीत कत्तल झाली. तीतून वाचलेल्या कारांनी लिहिलेलं विलापगीत योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, याच सिनेगॉगमध्ये म्हटलं जातं. जुन्या दफनभूमीतलं सर्वांत जुनं थडगंही त्यांचंच, 1439 चं.

शिलालेख
पूर्ण असहमत. कथा वगळू नका, तिची तारीख सांगा. ज्यू लोक विधीसाठी ख्रिश्चनांचा बळी देतात, या खोट्या रक्तबळीच्या आरोपातून गोलेम ज्यूंना वाचवतो, हे रूप 1909 मध्ये छापलं गेलं. त्याच्या दहाच वर्षं आधी, 1899 मध्ये, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पोल्ना गावी लिओपोल्ड हिल्स्नर या ज्यू तरुणावर नेमका तसाच आरोप होऊन त्याला शिक्षा झाली होती. मासारिक त्याच्या बाजूने उभे राहिले, पुढे तेच चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. रक्षणकर्त्याची गोष्ट लोकांना त्या काळात का हवीशी वाटली असेल, हे यातून कळतं. 16व्या शतकाचा पुरावा म्हणून ती सांगणं मात्र चूकच.

चौकटराजा
दोघेही माळ्यावर अडकलात. खरी चूक फेरी सुरू करण्याच्या जागेत होते. स्टारोमेस्ट्स्का मेट्रोहून थेट दफनभूमी गाठली की लोकांना वाटतं, वस्ती जशीच्या तशी टिकली आहे. टिकलेली नाही! 1893 च्या कायद्याने जवळजवळ सगळी घरं पाडली; उरल्या सहा सिनेगॉग, ज्यू टाउन हॉल आणि दफनभूमी. आधी पार्झिश्स्का रस्त्यावर उभं करा. तो रुंद, श्रीमंती रस्ता पाडकामातून निघालाय. मग स्टारोनोवात न्या. आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण पुरामुळे भोवतालची जमीन भर घालून उंचावत गेली. ती पायरी पायाखाली आली की वेगळं समजवावं लागत नाही.

व्यवहाराचं: स्टारोनोवा ही वास्तू इथल्या ज्यू म्युझियमच्या ताब्यात नाही, ज्यू समाजाची आहे, म्हणून तिकिटात ती धरली आहे का ते विचारून घ्या. पुरुषांनी डोकं झाकायचं. शनिवारी आणि ज्यू सणांना सगळं बंद, शुक्रवारी स्टारोनोवा लवकर बंद. (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायलांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे ठाऊक असलेल्यांना हा नियम पाठ करावा लागणार नाही.) अडीच तासांखाली हे जमत नाही.

पायवाट
सुरुवातीच्या जागेबद्दल मान्य. पण शिलालेख, तारीख सांगून भागत नाही, ऐकणाऱ्याला गोष्ट लक्षात राहते आणि तारीख गळून पडते. दुसरी दंतकथा बघा ना. ‘नामशेष वंशाचं संग्रहालय करायचा हिटलरचा बेत होता’ हे अजून सांगितलं जातं. युद्धकाळातल्या कागदपत्रांत तो शब्दप्रयोग सापडत नाही. 1942 मध्ये नाझींच्या देखरेखीखाली जे मध्यवर्ती ज्यू म्युझियम उभं राहिलं, त्यामागे ज्यू अभ्यासकांचाच पुढाकार होता. रिकाम्या केलेल्या गावांतल्या वस्तू वाचवायला ते धडपडले, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे छावण्यांत पाठवलं गेलं. हिटलरची गोष्ट सांगितली की त्यांची मेहनत पुसली जाते. याचाच मला राग येतो.

शिलालेख
हा मुद्दा पटला. हे वाक्य गाइडने टाकूनच द्यावं. गोलेमबाबत मी अजूनही ठाम आहे, पण जागा बदला: स्टारोनोवापाशी नको, दफनभूमीत रब्बी लोव यांच्या थडग्यापाशी सांगा. तिथे सिंह कोरलाय, त्यांच्या नावावरून (लोव म्हणजे सिंह). शेजारच्या दगडांवर आशीर्वादाचे हात दिसले तर कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातले; पाण्याची झारी दिसली तर लेवी, म्हणजे त्यांच्या सहायकांच्या घराण्यातले. दगड सुमारे 12,000. जागा संपली की मातीचा नवा थर चढवत, काही ठिकाणी बारा थर. 1787 नंतर इथे दफन नाही.

चौकटराजा
पण दफनभूमीत शिरायचं पिंकास सिनेगॉगवरून, तेव्हा आधी तिथलं ठरवा. भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या नाझींच्या सुमारे 78,000 ज्यू बळींची नावं हाताने लिहिली आहेत, गावानुसार: आडनाव, नाव, जन्मतारीख, मग मृत्यूची किंवा शेवटची माहीत असलेली तारीख. 1968 मध्ये जमिनीतल्या ओलीमुळे इमारत बंद झाली, अक्षरं गेली, 1990 च्या दशकात पुन्हा लिहिली. 2002 च्या पुराने परत नुकसान केलं. गाइडने हे सगळं दाराबाहेर सांगून टाकावं. आत गटाला एकच काम द्यावं: एक गाव निवडा आणि त्याची नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.